बायडाचा उजवा हात

मुरगूड, ता. १२ जानेवारी १९१९

शालूबाई मास्तरीणबाईंना आकाराम गुळव्याचा रामराम.

तुमची माझी ओळख नाही. तुमच्या पहिलीच्या वर्गात बायडा नावाची आठ वर्षांची मुलगी आहे, तिचा मी आजा. तिची आई चिमणा दसऱ्याच्या सुमारास तापाच्या साथीत गेली. बाप, म्हणजे माझा सयाजी, पलटणीबरोबर बसऱ्याला आहे. घरात बाईमाणूस उरलं नाही, म्हणून दिवाळीनंतर पोरीला मी शाहूपुरीत माझ्या लेकीकडे, तानाबाईकडे, ठेवलं. तिनं तिला तुमच्या शाळेत घातलं.

काल गुळाच्या गाड्या पोचवून आलेल्या गाडीवानानं तानाचा निरोप सांगितला. पोरगी शाळेत एक शब्द बोलत नाही, हजेरीला ‘हजर’ म्हणत नाही, पाटीवर डाव्या हातानं लिहिते, आणि म्हणून हेडमास्तरांनी तिच्या उजव्या हातावर छड्या मारल्या. हे ऐकल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. गुऱ्हाळात चुलाणावर उसाच्या रसाची काहील होती, माझं लक्ष उडालं, पाक पुढे गेला आणि अख्खं आदण करपलं. चाळीस वर्षं गूळ करतो आहे, असं कधी झालं नव्हतं. मालक म्हणाला, ‘आकाराम, म्हातारा झालास की रं.’ झालोच आहे.

शाळेत मार बसतो हे मला ठाऊक आहे. मी तीन यत्ता शिकलो, त्या तिन्ही मार खातच शिकलो. पण बाई, पोर आईवेगळं आहे. हट्टी आहे, आईवर गेली आहे, एवढंच. वेडी नाही. एक हात जोडून मागणं आहे. तिला फार विचारपूस करू नका. घरचं तर काहीच विचारू नका. मेलेल्यांची नावं काढली की पोरं बिथरतात. अंबाबाईचा अंगारा कागदात बांधून पाठवला आहे, तो वर्गात जाण्याआधी तिच्या कपाळाला लावावा.

उत्तर धाडलंत तर लखोट्यात धाडा. कार्ड नको. आमचा पोस्टमन कार्डं वाचतो आणि पाणवठ्यावर सांगतो.

आकाराम

*

कोल्हापूर, ता. २१ जानेवारी १९१९

आकारामदादांना शालूबाईचा नमस्कार.

तुमच्या पत्राचं उत्तर लखोट्यातूनच धाडते आहे, काळजी नसावी.

छडीचं आधी सांगते. हेडमास्तर गणपतरावांशी मी भांडले. ते म्हणाले, ‘बाई, तुम्ही मास्तरीण का वैदीण?’ मी म्हटलं, ‘यंदा दोन्ही व्हावं लागणार.’ आमच्या शाळेत एकशेवीस मुली आहेत. त्यांतल्या एकतीस मुलींच्या घरातलं कुणी ना कुणी या साथीत गेलं. एक मुलगी दिवसभर खडू खाते. एक पाढे म्हणता म्हणता झोपते आणि झोपेत ओरडत उठते. महाराजांनी शाळा सक्तीच्या केल्या, मुली आल्या. पण त्या घरून काय घेऊन आल्या हे कुणी विचारायचं? म्हणून मी सामानाची खोली मागून घेतली आहे. मधल्या सुट्टीनंतर अर्धा तास आठ मुली माझ्याजवळ बसतात. पुस्तक नाही, पाटी नाही. कुंभाराकडची माती आणते. जिला बोलायचं ती बोलते, जिला नाही ती माती मळते.

तुमची बायडा रोज एक घर करते. त्याला दार करते, दार बंद करते आणि त्यावर एक काडी आडवी लावते. खिडकी करत नाही. सगळं डाव्या हातानं. उजवा हात परकरावर असतो, मिटलेला नाही, वाटीवर झाकण ठेवावं तसा पालथा. कुणी दार वाजवलं की ती श्वास धरते. मी मोजलं आहे, फार वेळ धरते.

दादा, ही हट्टी मुलगी नाही. हट्टी मुलं दमत नाहीत. ही संध्याकाळपर्यंत ओझं वाहिल्यासारखी दमते. ती काहीतरी फार कष्टानं पाळते आहे. काय ते मला कळत नाही. तुम्ही नको म्हणालात तरी विचारते: साथीच्या दिवसांत घरात काय झालं? कोण कोण होतं? लहान मूल होतं का?

अंगारा लावला. तिनं लावू दिला.

शालूबाई

*

मुरगूड, ता. ३० जानेवारी १९१९

शालूबाईंना रामराम.

पत्र चार वेळा वाचलं. रात्री चूल पेटवताना जाळायला काढलं होतं, पण जाळलं नाही.

घरात काय व्हायचं? जे गावात झालं ते घरात झालं. एका दिवसात सात तिरड्या गेल्या, खांद्याला माणसं मिळेनात. चिमणाला ताप आला, ती गेली. पाच महिन्यांचा मुलगा होता, तोही आईपाठोपाठ गेला. त्याचं नाव ठेवायचं राहिलं होतं, आम्ही बाळ्या म्हणायचो. सयाजीनं त्याचं तोंडसुद्धा पाहिलं नाही. मी सगळ्या दिवसांत उशाशी बसून होतो. देवानं न्यायचं ठरवलं, त्याला आपण काय करणार?

मातीच्या घराचं म्हणाल तर सगळीच पोरं घर करतात. दाराला अडसर असतो, म्हणून काडी लावत असेल. यात एवढं काय? इथले जाणते म्हणतात, पोरीला बाहेरची बाधा आहे, गारगोटीकडे एक देवऋषी आहे त्याला दाखवावं. मीही त्याच मताचा आहे. तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला पटणार नाही. पण जखमेवरची खपली सारखी उचकटू नये, हे अडाण्यालाही कळतं.

नव्या गुळाची ढेप आणि काकवीची बाटली गाडीवानाबरोबर पाठवली आहे. काकवी बायडाला आवडते. आवडायची. ती खाते का तेवढं कळवा. दुसरं काही कळवलं नाही तरी चालेल.

आकाराम

*

कोल्हापूर, ता. १७ फेब्रुवारी १९१९

आकारामदादा,

काकवी तिनं बोटानं चाटली. डाव्या. हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचून तुम्हाला घास जाणार नाही.

परवा तपासणीला डिप्युटीसाहेब आले. दार लोटलेलं होतं, त्यावर त्यांनी काठीनं तीनदा वाजवलं. बिगारीच्या वर्गातली एक चार वर्षांची मुलगी घाबरून रडायला लागली. बायडा उठली, तिला ओढून टेबलाखाली घेऊन गेली आणि तिच्या नाकातोंडावर उजवा हात दाबून बसली. मी आणि शिपाईबाई हात ओढत होतो, निघेना. आठ वर्षांच्या पोरीच्या हातात एवढं बळ कुठून आलं? हात निघाला तेव्हा ती लहानगी निळी पडली होती. पाठीवर थोपटलं, पाणी मारलं, मग तिनं श्वास घेतला. वाचली. बायडा टेबलाखालून दाराकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता दादा, भीती होती, आणि काम नीट केल्यासारखं काहीतरी.

डिप्युटीसाहेब म्हणाले, ‘हे मूल शाळेत कसं?’ गणपतरावांनी कागद तयार केला आहे. मुलगी वेडी असून इतर मुलांच्या जिवाला धोका आहे, नाव कमी करून तिला वेड्यांच्या इस्पितळात पाठवावं, असा. मी हातापाया पडून वीस मार्चपर्यंत तो कागद थांबवला आहे. तोवर मी तिला वर्गात माझ्या खुर्चीला टेकून बसवते. माझी सामानाची खोलीही गणपतराव काढून घेणार होते, ती तूर्त राहिली. म्हणाले, ‘मातीत खेळवून पोरी सुधारल्या असत्या तर कुंभारांची पोरं शास्त्री झाली असती.’

आता दुसरं. मी तानाबाईंकडे गेले होते. त्यांनी सहज सांगितलं की त्या दिवसांत तुम्ही माळावर झोपडीत तापानं पडून होतात. तुम्ही मला लिहिलंत की तुम्ही उशाशी होतात. दोन्ही खरं असू शकत नाही.

मी तुमची झडती घेत नाही. पण कागद गेला तर मुलगी गेली. त्या इस्पितळाच्या फाटकातून आठ वर्षांची पोर आत गेली की बाहेर कोण येतं, हे मला विचारू नका.

शालूबाई

*

मुरगूड, ता. ३ मार्च १९१९

शालूबाई,

पंधरा दिवस उत्तर दिलं नाही. तीनदा लिहिलं आणि तीनदा चुलाणात टाकलं. आज गुऱ्हाळाला सुट्टी आहे, जाळ नाही, म्हणून हे टिकेल.

वीस वर्षांपूर्वी प्लेगात माझ्या बायकोच्या काखेत गाठ आली. मी तिला धान्याच्या कणगीमागे लपवली होती. सरकारचे झडतीवाले साहेब आले, काठीनं तीनदा दार वाजवलं. ताना तेव्हा लहान होती, ती रडली आणि त्यांना कळलं की घरात माणसं आहेत. बायकोला गाडीत घालून माळावरच्या छावणीत नेलं. आठव्या दिवशी एका माणसानं माझ्या हातावर तिची जोडवी ठेवली. राख कुठं, विचारलं, तर त्यानं माळाकडे हात केला. तेव्हापासून कुणी दार वाजवलं की मी आधी कणगीमागे बघतो. भाऊबंद आले तरी.

आश्विनात ही साथ आली, तेव्हा मला वाटलं, प्लेगच आला. प्लेगाची रीत आम्हाला पाठ होती. घर सोडायचं, माळावर झोपडी घालायची, आजारी माणूस लपवायचं. चिमणा फणफणली होती, उचलण्यासारखी नव्हती. मी ठरवलं, आज झोपडी उभी करू, उद्या अंधार असतानाच गाडी आणून हिला नेऊ. निघताना बायडाला दारात उभी केली आणि सांगितलं, ‘बायडे, आतनं अडसर घाल. कोन बी दार वाजवूदे, ब्र काढायचा न्हाय. सायब आईला गाडीत घालून न्हेत्यात. बाळ्याला बी रडू द्यायचं न्हाय. म्या येऊन बोल म्हंतोय तवर गप ऱ्हायाचं. कळलं?’

ती म्हणाली, ‘व्हय आजा.’

मी तिचं ऐकलेलं हे शेवटचं बोलणं.

माळावर झोपडीच्या मेढी रोवतानाच मला ताप भरला. पाच दिवस मी शुद्धीत नव्हतो. सहाव्या दिवशी काठी टेकत आलो. दाराशी म्हणालो, ‘म्या हाय.’ आतून अडसर निघाला. चिमणा केव्हाच गार झाली होती. बायडा भिंतीला टेकून बसली, मांडीवर बाळ्या, त्याच्यावर तिचा हात. मला वाटलं, थोपटते आहे. घेतला तर तोही गार. पोरीनं माझ्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं. मी घाबरलो. बाहेर माणसं होती. आजारी माणूस लपवलं म्हणून आता सरकार मला धरेल असं माझ्या डोक्यात आलं. मी म्हणालो, ‘गप.’

बाई, मी ‘बोल’ म्हणालोच नाही. आल्यावर तोंडातून निघाला तो शब्द हा. नंतर तिरड्या, दिवस, कावळा, सयाजीला पत्र, या सगळ्यात माझ्या ध्यानातच आलं नाही की पोरगी वाट बघते आहे. तुमच्या पहिल्या पत्रात ‘पाळते आहे’ असं वाचलं तेव्हा ध्यानात आलं. तरी मी गप्प बसलो.

दार वाजवायला साहेब कुणी आलेच नव्हते. शेजारची खैरुनबी यायची, दुपारी, पेजेचं मडकं आणि औषधाची बाटली घेऊन. ती घरोघर फिरत होती. तीन दिवस तिनं आमचं दार वाजवलं. उत्तर नाही, तेव्हा आम्ही माळावर गेलो असं समजून ती पुढच्या घरी गेली. तिच्या पेजेवर आमच्या गल्लीतली अकरा माणसं जगली.

हे सयाजीला ठाऊक नाही. त्याला मी तुम्हाला लिहिलं तसंच लिहिलं होतं. वाचून फाडून टाका.

आकाराम

*

कोल्हापूर, ता. ८ मार्च १९१९

आकारामदादा,

पत्र फाडलं नाही. तुमचा राग आला, तो तुम्हाला कळलेला बरा. पण राग करायला मला पुढे वर्ष पडलं आहे आणि मुलीजवळ बारा दिवस आहेत.

ती वेडी नाही. ती तुमचा शब्द पाळते आहे, पाच महिने. तो शब्द दुसऱ्या कुणाला मोडता येणार नाही. मी शंभरदा ‘बोल’ म्हटलं, मी कोण?

शनिवारी, पंधरा तारखेला, शाळा सुटल्यावर या. ती सामानाच्या खोलीत बसलेली असेल, दार आतून लावलेलं. मी तिला सांगेन की मी बाहेर आहे. तुम्ही दार वाजवा, मग तुमच्या आवाजात तेच सांगा जे तेव्हा सांगायचं राहिलं. तिनं स्वतः कडी काढली पाहिजे. मी व्हरांड्यात उभी राहीन, आत येणार नाही. एकदा हा अडसर निघाला की बाकीचं आपोआप सैल होईल अशी माझी खात्री आहे.

येताना अंगारा आणू नका, देवऋषी आणू नका. आणि तुमचं पत्र गणपतरावांना दाखवायची परवानगी द्या. त्याशिवाय कागद थांबणार नाही. नाही म्हणालात तर दाखवणार नाही; पण मग वीस तारखेला तुम्हीच शाळेत या आणि तिला टांग्यात बसवून द्या.

शालूबाई

*

शाहूपुरी, ता. १६ मार्च १९१९, होळी

शालूबाई,

तुमची शाळा इथून हाकेच्या अंतरावर आहे, तरी लिहितो आहे. काल तोंडानं खोटं बोललो. ते हातानं दुरुस्त करतो.

काल मी बाहेर आलो तेव्हा तुम्ही विचारलंत, ‘बोलली का?’ मी म्हणालो, ‘न्हाय.’ तुमचा चेहरा उतरला. तुम्ही म्हणालात, ‘असू दे, पुन्हा करू.’ मग बायडाच्या डोक्यावरून हात फिरवून तुम्ही गेलात. पाठमोऱ्या तुम्ही पदर डोळ्याला लावलात, तेही मी बघितलं. तरी गप्प राहिलो.

ती बोलली.

तुम्ही सांगितलं तसंच मी केलं. दार वाजवलं, आत सगळं थांबल्यासारखं झालं. मी म्हणालो, ‘बायडे, म्या हाय, आजा. सायब न्हाय कोन बी. आता बोल.’ मग कडी निघाली. ती समोर उभी, उजवा हात तसाच पालथा, पोटाशी धरलेला. मी खाली बसलो. तिनं माझ्या कानाला तोंड लावलं. आवाज ओळखू येईना, घाण्याची बिनतेलाची माकडी करकरावी तसा. म्हणाली, ‘आजा, आता हात काढू? बाळ्या गप झालाय.’

बाई, तुमच्या खात्रीप्रमाणे अडसर निघाला. त्याच्याआड हे होतं.

मला हे नवीन नव्हतं, हे आता लिहितो. तीन तारखेच्या पत्रातही मी एक गोष्ट राखून ठेवली होती. खैरुनबी मला दिवाळीच्या आधीच म्हणाली होती, ‘दादा, पयल्या दिवशी आत पोर रडल्यागत झालं, आन् मधीच तुटलं. मला वाटलं मांजर असंल.’ तिसऱ्या दिवशी तेही नव्हतं. मी तिला म्हणालो, मांजरच असेल. तेव्हापासून मी रोज मांजर मांजर म्हणत आलो. बाळ्याला ताप होता का, हे मला माहीत नाही. मी कधी कुणाला विचारलं नाही.

मी तिला म्हणालो, ‘काढ.’ तिनं हात उचलला आणि त्याच्याखाली बघितलं. तिथं परकर होता. मग माझ्याकडे बघितलं. मी तिचा हात धरून माझ्या तोंडावर ठेवला. घट्ट. ती दाबत नव्हती, मीच दाबत होतो. मग तिनं तो ओढून घेतला आणि रडली. आवाज काढून. तुम्हाला बाहेर ऐकू आलं असेल, तुम्हाला वाटलं, मी रडलो. मीही रडलो.

खोटं बोललो ते भीतीनं. वेडी म्हणून कागद तयार आहेच, त्यात आता हे लिहिलं तर काय, असं वाटलं. रात्रभर तानाच्या घरी बसून विचार केला. माझ्या ‘गप’ म्हणण्यानं दोन माणसं गेली, तिसरं जायला चार दिवस उरले आहेत. म्हणून तिन्ही पत्रं दाखवा, हेही दाखवा. गणपतरावांना वाचायचं नसेल तर मी त्यांच्या टेबलासमोर उभा राहून तोंडानं सांगेन. हात बायडाचा होता, पण तो तिथं ठेवला मी. कुणाचं नाव कुठं पाठवायचं असेल तर माझं पाठवा. सयाजी वैशाखात सुटून येतो आहे. जगलो तर त्यालाही दारातच सांगेन, घरात येण्याआधी.

ती आज चार शब्द बोलली आहे. तानाला ‘पानी’ म्हणाली. मला दोनदा ‘आजा’ म्हणाली. चौथा शब्द ‘बाळ्या’. बाकी बोलत नाही. बाळ्या उठेल का, असं अजून विचारलेलं नाही. विचारेल. मला उत्तर येत नाही, तुमच्या त्या खोलीत तुम्ही दोघी मिळून बघा. मीही मातीजवळ बसेन, बसू दिलंत तर.

गल्लीत पोरं होळीची लाकडं गोळा करताहेत आणि आतापासूनच तोंडावर पालथा हात मारून बोंब ठोकताहेत. बायडा उंबऱ्यात उभी राहून बघत होती. पोरांचा हात तोंडावर पडतो आणि आवाज मोठा होतो, हे तिला समजेना. तिनं आपला उजवा हात तोंडापाशी नेला, मध्येच थांबली, आणि खाली घेतला. आता तो नुसताच लोंबतो आहे. कुठं ठेवायचा ते तिला कळत नाही.

परवा धुळवड उलटली की शाळा उघडेल. तिला घेऊन मी येतो. त्या हातात पेन्सिल देऊन बघा. धरली नाही तर रागावू नका.

आकाराम